उलटे दोन टाके

मोरिवली, अंबरनाथ
२२ ऑक्टोबर २०२४

तेजू बाळा,

सगळ्यात आधी आली ती वर राहणारी भावना. तुझी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळलीही नसेल, ही रिकामी वाटी घेऊन दारात उभी. साखर पाहिजे बोलली. आदल्या संध्याकाळीच तिनं पाच किलोची पिशवी वर नेताना मी बघितलं होतं, पण बोलले नाही, दिली वाटीभर. मग विचारते कशी, पोरगी एकटीच गेली का, आणि सामान उचलणारा तो पोरगा कोण. मी माझा डावा कान पुढे केला. त्या कानानं कंपनीचा भोंगा सोडून काही ऐकू येत नाही हे सगळ्या चाळीला माहीत आहे. बिचारी दोनदा ओरडली आणि साखर घेऊन गेली.

पण खरे पाहुणे दुपारी आले. विक्रांत तुला स्टेशनवर सोडून परस्पर चिखलोलीला गेला आणि आईला घेऊनच आला. संजीवनीताई पहिल्यांदाच आपल्या घरी. मला काही सुचेना, चहात दोनदा साखर पडली. त्या दिवाणावर बसल्या, माझ्या रजईवर हात फिरवला आणि विचारलं ही कुठल्या दुकानातली. मी बोलले, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात सेठची गादीची वखार होती, तिथे मी एकतीस वर्षं रजया टाचल्या, ही त्यातलीच. त्यांना खरं वाटेना, मशीनची शिलाई वाटते बोलल्या. सेठ पण गिऱ्हाइकाला हेच सांगायचा आणि गिऱ्हाईक मानायचं. मग विक्रांतला मी कोपरा उलटून दाखवला. हातानं शिवलेलं ओळखायचं तर टाक्याच्या शेवटाला बघ, बाकीच्या बाया गाठ मारतात, गाठ अंगाला टोचते, म्हणून मी दोरा संपताना दोन टाके उलटे घेते आणि सोडून देते. पोरानं बोटानं चाचपून बघितलं. असं बघणारी माणसं कमी राहिली.

निघताना संजीवनीताई बोलल्या, तेजलचं तिकडे पक्कं झालं की आम्ही दोघं येतो, जरा बोलायला. तेरा डिसेंबर ठरला, शुक्रवार आहे, विक्रांतच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी. काय बोलायला ते मी विचारलं नाही. तू पण विचारू नकोस.

तुझा बाप, राजेंद्र, रात्री जेवायला बसला. शेवटी ताट सरकवून बोलला, एक सीझन दिलाय, एकच. तुझ्या त्या कैलास सरांनी ट्रेक लीडरच्या यादीत नाव घातलं तर तो आडवा येणार नाही, नाही घातलं तर जानेवारीत परत आणि त्याच्या कंपनीच्या ऑफिसात कामाला. सायबाशी बोलणं झालेलं आहे. मी बोलले, घालतील नाव, माझी नात आहे.

आपण सामान निवडलं तो दिवस अजून माझ्या डोळ्यासमोर आहे बघ. सगळं घर पिशव्यांनी भरलेलं. विक्रांतनं तीन झोपायच्या पिशव्या आणल्या होत्या आणि भावनाचा पापडाचा काटा मागून आणून त्यावर एकेक वजन करत होता. बाजारातली ती जाडी दोन किलोच्या वर भरली, ती बाद. दुसरी हलकी होती पण तिच्यातून माझा हात दिसायचा बाकी होता. आणि तिसरी त्याची स्वतःची, पिसांची, निळी, किलोला थोडी वर. ती पसरली आणि पोळी फुगावी तशी फुगली. मग खालच्या मॅटा. मी दोन्हींवर झोपून बघितलं, तू हसून लोळत होतीस. फोमची वळकटी कडक, आणि दुसरी ती हवा भरायची. तू बोललीस कूस बदलली की ती करकर वाजते, झोप लागत नाही. मला वाजलेलं ऐकूच आलं नाही म्हणून मला तीच आवडली. विक्रांत बोलला, थंडी खालून जास्त खाते, मॅटीत कंजुषी करायची नाही. हे मला पटलं, गादीवालीला ते कोणी सांगायला नको. नंतर तो पिशवीबद्दल पण बरंच काही सांगत होता, पण तेव्हा तो माझ्या डाव्या हाताला बसलेला. मी मान हलवत राहिले.

तू कल्याणला बुटांसाठी दोन दुपारी गेलीस ना, तेव्हा मी एक गंमत केली आहे. आता सांगणार नाही. वर थंडीत झोपलीस की तुझी तुला कळेल आणि म्हणशील, आजी ती आजीच.

तू पत्ता घालून ठेवलेल्या पाकिटांतलं हे पहिलं. तिसरी पास बाईचं पत्र आहे, जोडाक्षरं चुकली तर हस, पण उत्तर पाठव. फोनवर मला तुझं काही कळत नाही आणि तिथे फोन लागत नाही, म्हणजे आपलं बरं जमलं.

तुझी आजी


बेस कॅम्प, उत्तरकाशीच्या वर
५ नोव्हेंबर २०२४

आजी,

तुझं पत्र चहावाल्या काकांनी आठ दिवसांनी दिलं. पूर्ण टेन्टला वाचून दाखवलं. भावनाकाकूंच्या साखरेवर सगळे हसले. संजीवनीकाकूंचं वाचलं नाही, ते माझं मीच दोनदा वाचलं.

इथे खूप भारी आहे. सकाळी बादलीतल्या पाण्यावर काच जमते. अजून आम्ही खालीच आहोत, रात्री ट्रेक कंपनीची ब्लँकेटं मिळतात. खरी परीक्षा चौदा तारखेपासून, वरच्या कॅम्पवर पाच रात्री. तिथे प्रत्येकानं आपलं सामान आपल्या पाठीवर न्यायचं, आपल्याच बॅगेत झोपायचं. कैलास सर त्या पाच रात्रींवरून ठरवतात की कोण लीडर होणार. काल त्यांनी सगळ्यांच्या सॅका हुकाच्या काट्याला लावल्या. माझी सगळ्यात हलकी. सर बोलले, सामान निवडणाऱ्याला अक्कल आहे. मी बोलले, मित्रानं निवडलंय. विक्रांतला हे कळवायचंय, रोडवर उतरले की फोन करीन.

एक सांगू का, बॅग मोकळी करून उन्हात टाकली पण घरी फुगली होती तशी फुगत नाही. प्रवासात दाबून दाबून आली म्हणून असेल. आणि तिला चक्क तुझ्या मिश्रीचा वास येतो. रडायला आलं जरा.

गंमत काय केलीस? आत लाडू लपवलास ना? सगळ्या खिशांत शोधला. मिळाला नाही.

तेजल


मोरिवली
१३ नोव्हेंबर २०२४

तेजू,

ओळखलं नाहीस. लाडू एका दिवसात संपतो, मी केलंय ते तुला दहा वर्षं पुरेल. आता जास्त बोलायला लावू नकोस, तोंडातून निघून जाईल.

उद्या तुम्ही वर चढणार. मी राजेंद्रला आजच कॅलेंडरवर पाच रात्री दाखवून ठेवल्या. तो बोलला, हिला काय तिथे खाटेवर झोपवणार आहेत. मी बोलले, माझ्या नातीची झोप मी इथून बघते आहे. तो हसला. बापाला तू आवडतेस गं, त्याला फक्त बोलता येत नाही. तुझी आई गेल्यापासून त्याला सगळ्याचीच भीती वाटते.

विक्रांत मंगळवारी येऊन बसला होता. चालत आला, मेथी घेऊन. पेपरातून तिकडची थंडी किती ते वाचून सांगतो आणि लगेच बोलतो, बॅग त्याहून खालची थंडी झेलते, टेन्शन घेऊ नका. मला कशाला टेन्शन. मला तर माहीत आहे ना मी काय करून पाठवलंय.

पोटभर जेव. झोपायच्या आधी कोरडे मोजे घाल.

आजी


बेस कॅम्प
२४ नोव्हेंबर २०२४

आजी,

माझं नाव यादीत नाही.

आधी सांगते, मी बरी आहे. पायांना काही झालेलं नाही. बाबांना फोनवर एवढंच सांगितलंय की सिलेक्शन झालं नाही. बाकीचं तुला सांगते.

पहिली रात्र कशीतरी काढली. वाटलं, सवय नाही म्हणून. दुसऱ्या रात्री सगळे कपडे घालून बॅगेत शिरले. खालून थंडी अजिबात नव्हती, मॅट मस्त होती. थंडी वरून यायची. आणि सगळीकडून नाही, ओळींनी. कोणी अंगावर बर्फाच्या दोऱ्या ओढून ठेवल्यात असं. छातीवर एक, पोटावर एक, मांड्यांवर एक. सकाळी नाकातोंडात पिसं. टेन्टभर पिसं. तिसऱ्या रात्री डाव्या पायाची बोटं पांढरी झाली आणि चिमटा काढला तरी कळेना. कैलास सरांनी माझे पाय स्वतःच्या जाकिटात धरून बसवलं आणि सकाळी मला पोर्टरबरोबर खाली पाठवलं. सगळ्यांसमोर.

ते खाली आल्यावर त्यांनी बॅग मागितली, उजेडासमोर धरली. बोलले, चांगल्या बॅगेत आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकाला शिवत नाहीत, मध्ये पट्ट्यांच्या भिंती घालतात म्हणजे पिसं पूर्ण उभी राहतात. ही आरपार शिवलेली आहे. उन्हाळ्यातली बॅग. जिथे टाका तिथे दोन कापडं चिकटली, मध्ये पीस नाही, ऊब सरळ बाहेर. मी बोलले, मला ही थंडीतली म्हणून दिली होती. तेव्हा सर जे बोलले ते विसरता येत नाही. जिला स्वतःची बॅग तपासता आली नाही तिच्या हातात मी दहा माणसं कशी देऊ.

मी रोडवर उतरून विक्रांतला शिलाईचा फोटो पाठवला. विचारलं, ही तुझीच बॅग का, खरं सांग. मला वाटत होतं तो बोलेल की काहीतरी घोळ झालाय. एक तास काही नाही. मग मेसेज आला, चूक माझी आहे, मी नीट बघून द्यायला हवी होती, सॉरी. बस एवढंच. म्हणजे चांगली त्यानं ठेवून घेतली आणि मला तसलीच दिसणारी दुसरी दिली. आणि तुझ्याकडे बसून मेथी निवडत होता. मी त्याला ब्लॉक केलाय. मी काय काय लिहिलं त्याला ते तुला सांगत नाही, तुला आवडणार नाही.

आजी, तुझी गंमत काय होती ते तरी आता सांग. जरा हसेन.

तेजल


मोरिवली
४ डिसेंबर २०२४

तेजू,

तुझं पत्र मिळून दोन दिवस झाले. पायाला कोमट तेल लाव, एकदम शेकू नकोस. मोजे दोन घाल. इथे पण यंदा सकाळी गारवा आहे, पाठीमागच्या कंपनीचा धूर खाली बसतो आणि खोकला येतो. भावनाच्या पापडाला ऊन मिळत नाही म्हणून ती रोज माझ्या पत्र्यावर वाळवायला येते आणि रोज तुझं विचारते. मी सांगितलं थंडी जास्त होती. परवा सहा तारीख, दरवर्षी दादरला जाते, पण ह्या वर्षी नाही जात. गुडघा दुखतो.

गंमत काही नव्हती. म्हातारीचं काहीतरी असतं. विसरून जा.

त्या पोराला एवढं तोडू नकोस. माणसाकडून होतं. त्यानं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. एवढं माझं ऐक.

आजी


बेस कॅम्प
११ डिसेंबर २०२४

आजी,

तू त्याची बाजू का घेतेस? त्यानं स्वतः कबूल केलंय. मी वर्षभर ज्या गोष्टीसाठी धावले ती एका माणसाच्या खोटेपणामुळे गेली आणि तू मला मोजे घालायला सांगतेस.

बॅग आज पार्सल केली आहे, तुझ्या पत्त्यावर. मला ती डोळ्यासमोर नको. त्याची त्याला देऊन टाक आणि सांग की आता ह्यात त्यानं झोपावं.

सीझन संपेपर्यंत मी इथे किचनमध्ये मदत करणार आहे. तेवीस जानेवारीला कल्याणला उतरेन. बाबांना सांग, एक फेब्रुवारीपासून ऑफिसात येते.

तेजल


मोरिवली
२२ डिसेंबर २०२४

तेजू,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्ये टाकून देऊ नकोस.

ती शिलाई माझी आहे.

आता बाकीचं सांगते. तू बुटांना गेलीस त्या दोन दुपारी मी ती निळी पिशवी दिवाणावर घेतली. मला तिचं कौतुक वाटलं आणि दया पण आली. दोन्ही बाजूंनी बोटं दाबली तर आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकाला भेटतच नव्हतं. उभी करून झटकली तर पिसं थोडी खाली सरकली. एकतीस वर्षांत मी हेच शिकले होते की बिनटाक्याची रजई म्हणजे नुसतं पोतं, चार रात्रींत कापूस पायाशी जातो आणि छाती उघडी पडते. अशा रजया सेठ आमच्या तोंडावर फेकायचा. मला वाटलं, एवढी महागाची वस्तू आणि कारागिरानं आळस केला. निळा दोरा आणला, बारीक सुई घेतली, दाभण नाही, आणि चार चार बोटांवर आडवा धावदोरा घातला. वरून खालपर्यंत. दोन दुपारी. सुई कापडातून लोण्यासारखी जात होती. मी गाणं म्हणत होते, भावनानं ऐकलंय. एवढी सुखात मी किती वर्षांत नव्हते.

विक्रांत त्या भिंतींचं सांगत होता तेव्हाच मी मान हलवली. बोलायला पाहिजे होतं, पोरा ह्या बाजूला ये, मला ऐकू आलं नाही. एवढंच बोलायला पाहिजे होतं.

तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचलं तेव्हा ‘बर्फाच्या दोऱ्या’ वाचूनच मला कळलं. छातीवर एक, पोटावर एक. मी घातलेल्या ओळी मला पाठ होत्या. तरी मी तुला तेल आणि मोजे लिहिले. दोन दिवस कागद घेऊन बसले होते, खरं लिहायला. तू शेवटी लिहिलं होतंस की गंमत सांग, हसेन. त्यापुढे माझा हात चालला नाही.

तेरा तारखेला मी सकाळपासून पोहे भिजवायचे की नाही ह्यात होते. त्यांनी यायचं ठरवलेलं. कोणी आलं नाही. का येतील.

मग एकोणीसला तुझं पत्र आणि पार्सल एकदमच आलं. पार्सल उघडलं तर घरभर पिसं. परवा शुक्रवार होता. बॅग कापडी पिशवीत घातली, रिक्षा केली आणि चिखलोलीला गेले. राजेंद्रला सांगितलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. लिफ्टमध्ये मी आधी कधी एकटी चढले नव्हते. विक्रांतनं दार उघडलं. तू बघितलास तर ओळखणार नाहीस, दाढी वाढलेली. मी आत जायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर परत फिरले असते. बोलले, ती शिलाई माझी आहे, तुझी चूक नाही.

तो बोलला, "मला माहीत आहे, आजी."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी उजवा कान पुढे केला. त्यानं फोन काढला, तू पाठवलेला फोटो मोठा करून दाखवला. ओळीच्या शेवटी दोन टाके उलटे. बोलला, "गाठ नाही. तुम्हीच शिकवलं होतंत."

मी विचारलं, मग तू तिला सांगितलं का नाहीस. ती तुला काय काय बोलली असेल. त्यानं मला आत घेऊन बसवलं. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि सावकाश बोलला, मला कळावं म्हणून. "तिला त्या घरात बाजू घेणारं एकच माणूस आहे. माझ्यावर रागावली तर तिला दुसरे मित्र मिळतील. आजी दुसरी कुठून आणणार?"

 संजीवनीताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना पण तेव्हाच कळलं. महिनाभर त्यांच्या पोरानं घरात पण सांगितलं नव्हतं. त्यांनी मला पाणी दिलं पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि आणखी एक. विक्रांतनं डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीला होकार देऊन टाकला आहे, गुजरातेतल्या प्लँटला, दोन वर्षांसाठी. आधी दोनदा नाही बोलला होता, तुझ्यामुळे. आता सही झाली आहे.

सेठ बोलायचा, भिमाबाईचा टाका मशीनलाही ओळखू येत नाही. आयुष्यभर ते मी मिरवलं. तुझ्या सरांना पण ओळखू आला नाही, बघ. जरा वाकडातिकडा शिवला असता तर पहिल्याच दिवशी तू ओळखला असतास.

राजेंद्रला मी आज सांगणार आहे. तू मला काही पण लिही. लिहू नकोस असं तेवढं करू नकोस.

आजी


बेस कॅम्प
३१ डिसेंबर २०२४

आजी,

पत्र नदीवर नेऊन वाचलं. चार वेळा. तुझ्यावर रागावले आहे, खोटं बोलत नाही. मग तुला गाणं म्हणत शिवताना डोळ्यासमोर आणते आणि राग कुठे ठेवायचा कळत नाही. माझ्यावर जास्त आहे. ती शिलाई माझ्या हाताखाली होती. लहानपणापासून मी त्याच टाक्यांवर झोपले आणि मला ओळखू आले नाहीत. त्याला आले. आणि पहिल्या रात्री खाली अंगणात जरी त्या बॅगेत झोपून बघितलं असतं तरी कळलं असतं. सर बरोबर बोलले होते.

सरांना सगळं सांगितलं. ते थोडे हसले. बोलले, ह्या वर्षीची यादी बंद झाली, एप्रिलमध्ये परत ये, बॅग तपासून ये.

विक्रांतला फोन केला. त्यानं उचलला. मी सॉरी बोलले.  मग तो बोलला, मॅट वरून खाली आणलीस ना, तिच्यात हवा भरून ठेवू नकोस, खराब होते. एवढंच बोलणं झालं. रेंज गेली की त्यानं ठेवला ते कळलं नाही.

तेवीसला येते.

तेजल


मोरिवली
१० जानेवारी २०२५

तेजू बाळा,

आज सगळ्यात आधी आल्या त्या संजीवनीताई. विक्रांत खाली गाडी लावत होता. मी पत्र्याखाली बसून बॅग उसवत होते, त्यासाठीच ती चिखलोलीहून परत घेऊन आले होते. घालायला दोन दुपारी लागल्या होत्या, उसवायला आठ दिवस, कारण आता डोळे पाणावतात आणि उलट्या टाक्यांपाशी दोरा लवकर निघत नाही. माझी शिलाई मलाच इतकी जड जाईल असं वाटलं नव्हतं. शेवटची ओळ राहिली होती. त्या काही न बोलता समोर बसल्या, माझ्या हातातली कात्री घेतली आणि ती ओळ त्यांनी उसवली.

मग बोलल्या, पोराच्या तोंडाकडे बघून आले, नाहीतर आले नसते. मी बोलले, बरोबर आहे तुमचं. चहा त्या आधी नको बोलल्या, मग घेतला. साखर ह्या वेळी एकदाच पडली.

विक्रांतनं बॅग हातात घेऊन झटकली. थोडी फुगली गं. पहिल्यासारखी नाही, पण फुगली. मी विचारलं, भोकं बुजतात का. तो बोलला, काही बुजतील, सगळी नाही, पिसं थोडी थोडी जात राहणार. हिमालयात नको, पण आपल्याकडे माथेरानच्या बाजूला कुठेही चालेल. त्यानं ती घट्ट गुंडाळली नाही. मोठ्या कापडी पिशवीत सैल ठेवली आणि खुंटीला टांगली, बोलला, अशीच ठेवा, दाबू नका, ही तेजलची आहे. एक पीस त्याच्या दाढीला लागून राहिलं होतं. मी सांगितलं नाही. जाऊ दे घेऊन.

राजेंद्रला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. आज पाहुण्यांसमोर त्यानं पिशवी खाली काढली, खिडकीकडे धरून भोकं बघितली. बोलला, आई, तुझ्या रजईत मला कधी थंडी लागली नाही. माझे डोळे भरले, मला वाटलं आता पुढचं चांगलं बोलेल. पण ऑफिसचं ठरलं ते ठरलं, एक फेब्रुवारी. एप्रिलचं मी विचारलं तर उठून हात धुवायला गेला. नाही बोलला नाही, एवढंच धरून मी बसले आहे. खरं सांगते, जास्त आशा करत नाही. ज्या पोरीनं डोंगरात दहा माणसं न्यायची ती फायलींपुढे बसणार, आणि हे माझ्या हातानं झालं. तुला मी गोड बोलून हे पुसणार नाही.

विक्रांतचं तिकीट सव्वीसचं आहे. दोन वर्षं. निघताना दारात तो माझ्या उजव्या बाजूला आला, आता विसरत नाही, आणि विचारलं, ती तेवीसला नक्की येते ना. मी बोलले, नक्की. संजीवनीताईंनी चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरल्या, परत वर आल्या. बोलल्या, मागे तेरा डिसेंबर ठरला होता, तो आमच्याकडून राहिला, परत येतो, दोघं. मी विचारलं नाही काय बोलायला.

तेरा डिसेंबरला कॅलेंडरवर पेननं केलेली खूण अजून तशीच आहे. ह्या वेळी मी पेन्सिलनं केली आहे. हे पत्र तुला निघायच्या आधी मिळालं तर बरं, गाडी चुकवू नकोस. शुक्रवारी येतो बोलले आहेत, चोवीस जानेवारीला, संध्याकाळी पाच वाजता.

आजी